ओलाव्याचा रिकामा रकाना

सोयाबीनची ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, परखी खुपसून नमुना काढतात, मशीन ओलावा दाखवतं आणि त्या आकड्यावरून भावात कटौती लागते. आता समजा मशीनचा सेल उतरला. किंवा मोजणारा पोरगा चहाला गेला, मागे ट्रॉल्यांची रांग लागली, आणि ऑपरेटरनं ओलाव्याचा रकाना रिकामाच सोडून पावती पुढं ढकलली. संगणकानं अशा वेळी काय करावं?

या एका प्रश्नावर आमच्या ऑफिसात अख्खा पावसाळा वाद चालला. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवणाऱ्यांच्या जगात हाच वाद गेली साठ वर्षं चालू आहे आणि त्यात आमच्यापेक्षा फार मोठी डोकी शिणली आहेत, तेवढाच आम्हाला दिलासा.

आम्ही इंदूरच्या रामबागेत बसून सोयाबीनच्या प्लांटांसाठी आणि मंडीतल्या आडत्यांसाठी खरेदीचं सॉफ्टवेअर करतो. ओलावा १० टक्के, माती-कचरा २, डागी दाणा २ हे साधारण माप सगळ्यांना ठाऊक. त्याच्या वर गेलं की कटौती कशी लावायची ते मात्र प्रत्येक प्लांटचं वेगळं, आणि एकाच प्लांटचं ऑक्टोबरात एक अन् डिसेंबरात दुसरं. दर वेळी त्यांनी फोन करायचा आणि आम्ही कोड बदलायचा, याचा कंटाळा येऊन आम्ही नियम लिहिण्यापुरती एक छोटी भाषा केली. जर-तर, बेरीज-वजाबाकी, तक्त्यात बघून दर काढणं, एवढंच तिला येतं. नियम प्लांटातलाच माणूस लिहितो. बहुतेक ठिकाणी तो मुनीमजी असतो, नाहीतर मुनीमजींचा बी.कॉम. झालेला भाचा.

वादात आम्ही तिघं. मी, आमचा धाकटा सहकारी आणि काका. धाकट्याला जगातल्या कुठल्या भाषेत काय नवीन आलं ते आदल्या रात्रीच कळलेलं असतं. काकांनी उभी हयात तेलाच्या प्लांटात हिशेब सांभाळला. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे नियम तपासतात. कोडची एक ओळ लिहीत नाहीत, पण पावतीवरचा आकडा बघून नियम कुठे चुकला ते सांगतात.

भाषेत पहिल्यापासून रिकामं म्हणजे शून्य असं चालत आलं होतं. ओलावा शून्य म्हटल्यावर कटौती शून्य, शेतकऱ्याला पूर्ण भाव, प्लांटचं नुकसान. काका म्हणाले, "अगं, शून्य ओलाव्याचं सोयाबीन म्हणजे फुटाणे. ते कोण आणतं मंडीत?" एका प्लांटनं तर वैतागून आपल्या नियमात उलटंच करून ठेवलं होतं: ओलावा शून्य आला तर सरळ १४ धर. म्हणजे मशीन बंद पडलं प्लांटचं आणि भुर्दंड पडला शेतकऱ्याला.

धाकट्याचा उपाय तयार होता. "ताई, दोन प्रश्नचिन्हं घालून टाकू ना आपण. डावीकडे रकाना, उजवीकडे आकडा. रकाना रिकामा असेल तर उजवीकडचा घ्यायचा. सी शार्प भाषेत २००५ पासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०२० ला आलं. सगळ्यांकडे आहे भिया!" मला तो 'भिया', म्हणजे भाऊ, लागू होत नाही हे इंदुरात कोणाला सांगून उपयोग नसतो.

सगळ्यांकडे आहे हे मात्र खरं नव्हतं. पायथन या भाषेत अशाच चिन्हांसाठी २०१५ मध्ये ५०५ क्रमांकाचा प्रस्ताव लिहिला गेला आणि तो लांबणीवर पडला तो पडलाच. त्यामागे आळस नाही. रिकाम्याला सहज ओलांडून जाता आलं तर लोक रिकामं का राहिलं हे विचारणंच सोडून देतील, ही तिथल्या पुष्कळांची हरकत होती. सी शार्पच्या चमूत काम केलेले एरिक गनरसन यांनी सांगितलेला एक हिशेब मला फार आवडतो: कुठलीही नवी सुविधा उणे १०० गुणांवरून सुरू होते. ती नुसती चांगली असून भागत नाही, कारण तिच्यामुळे दस्तऐवज वाढतो, शिकणाऱ्याचं ओझं वाढतं आणि आधीच्या प्रत्येक सुविधेशी तिचं जमवून घ्यावं लागतं. आधी ते शंभर गुण भरून काढायचे आणि मग वर काही शिल्लक राहिलं तर बोलायचं. धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही आधीच नाही म्हणून बसलात." त्याचंही चूक नव्हतं.

रिकाम्याचा हा सगळा इतिहास सुरू होतो १९६५ मध्ये. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर तेव्हा अल्गॉल डब्ल्यू नावाच्या भाषेवर काम करत होते. एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या जागी 'कशाकडेच नाही' असंही ठेवता यावं, ही सोय त्यांनी तिच्यात घातली. पुढे २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. का घातली, तर करायला इतकी सोपी होती की मोह आवरला नाही. मला या कबुलीत चुकीपेक्षा तो मोह जास्त ओळखीचा वाटतो. भाषा घडवणाऱ्याला एका दुपारी जे सोपं पडतं, त्याचं बिल हजारो लोक रात्री-बेरात्री फेडत राहतात, आणि त्यातल्या एकालाही त्या दुपारी कोणी विचारलेलं नसतं.

डेटाबेसवाल्यांनी वेगळी वाट धरली. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत रिकामं बरोबर रिकामं का, असं विचारलं तर उत्तर होय येत नाही आणि नाहीही येत नाही, 'माहीत नाही' येतं. तत्त्व म्हणून सुरेख. व्यवहारात मात्र 'या यादीत नसलेले द्या' असं मागितलं आणि यादीत एक जरी रिकामा असला, तर हाती एकही ओळ लागत नाही. चूक झाली असा संदेशही येत नाही. हे ज्याच्यावर एकदा गुदरलंय तो पुन्हा कधी तशी ओळ बेफिकीरपणे लिहीत नाही.

तिसरी वाट हॅस्केल आणि रस्ट या भाषांची. तिथे 'असेल किंवा नसेल' हा प्रकारच वेगळा. आकडा हवा असेल तर आधी पाकीट उघडा, आत काही नसलं तर काय करणार ते लिहा. रस्टमध्ये तर त्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही. ओझं सगळं लिहिणाऱ्यावर, पण लिहायच्या वेळीच. ज्या भाषांना हे पुढे सुचलं त्यांची पंचाईत झाली. सी शार्पनं २०१९ मध्ये ही तपासणी घातली खरी, पण ती चालू करायची की नाही ते वापरणाऱ्यावर सोडलं आणि न पाळणाऱ्याला चूक म्हणण्याऐवजी इशारा दिला. जुना कोड एवढा साचला होता की सक्ती कोणाच्या तोंडानं करणार?

तर आमच्या टेबलावर हे सगळे पर्याय होते, आणि कुठल्याच पर्यायात गुंतागुंत काही कमी होत नव्हती. ती कोणाच्या पदरात टाकायची एवढंच बदलत होतं. शून्य मानलं तर प्लांटच्या, १४ मानलं तर शेतकऱ्याच्या, नियम अडवला तर रांगेत उभ्या ट्रॉलीवाल्याच्या, आणि पाकीट उघडायला लावलं तर मुनीमजींच्या भाच्याच्या. हे एकदा नजरेत भरल्यावर मला बाकीच्या भाषांमधले वादही वेगळे दिसायला लागले. सुंदर काय, आखूड काय, कोणाकडे काय आधीपासून आहे, यावर लोक तावातावानं बोलतात. ज्याच्यावर ओझं पडणार तो माणूस बहुधा त्या बोलण्यात नसतो.

हॅस्केल घडवणाऱ्यांपैकी एक, फिलिप वॉडलर यांनी या तावातावाचा एक नियमच गमतीनं सांगून ठेवला आहे. एखाद्या सुविधेचा अर्थ काय यावर जितका वेळ जातो, त्याच्या दुप्पट ती कशी लिहायची यावर, त्याच्या दुप्पट अक्षरं-चिन्हं कुठली यावर, आणि त्याच्याही दुप्पट टिप्पणी कशी लिहायची यावर. आम्ही अपवाद नव्हतो. एका रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस संपेपर्यंत आम्ही प्रश्नचिन्हं एक की दोन यावर बोलत होतो. काका शेवटी म्हणाले, "तुमचं चिन्ह ठरलं की सांगा, मी तोवर जलेबा घेऊन येतो." ते आले तेव्हाही ठरलं नव्हतं.

पायथनमधला वॉलरसचा वाद असाच वरवर चिन्हाचा होता. कोलन आणि बरोबर मिळून झालेलं ते चिन्ह आडवं पाहिलं तर वॉलरस या समुद्री प्राण्याच्या डोळ्यांसारखं आणि सुळ्यांसारखं दिसतं म्हणून ते नाव. त्यानं होतं काय, तर एखादी किंमत मोजता मोजताच तिला नाव देता येतं, वेगळी ओळ लागत नाही. ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावर २०१८ मध्ये इतकं रण माजलं की तो मंजूर केल्यावर गिदो व्हॅन रॉसम यांनी १२ जुलैला भाषेच्या सर्वेसर्वा पदावरून बाजूला होत असल्याचं कळवलं. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ आलं, आणि वॉलरस पुढच्या वर्षी ३.८ आवृत्तीत सगळ्यांच्या हाती पडला. जवळजवळ तीस वर्षं ज्यानं भाषा सांभाळली तो माणूस दोन टिंबांपायी थकला, असं तेव्हा पुष्कळ लोक हसून म्हणाले. मला नाही तसं वाटत. विरोधकांचं म्हणणं होतं की एका ओळीत दोन कामं झाली की नवशिक्याची नजर अडखळते. समर्थक म्हणत होते की तीच गोष्ट दोनदा लिहिण्यात चुका होतात. म्हणजे वाचणाऱ्याचं ओझं की लिहिणाऱ्याचं, आमच्याच रकान्याचा प्रश्न. मी वॉलरस वापरते, फाइल तुकड्यातुकड्यानं वाचताना तो फार सोयीचा पडतो. तरी नियम शिकवायला बसले असते तर समोरच्या भाच्याला मी तो पहिल्या महिन्यात दाखवला नसता.

माझा कल सुरुवातीला सरळ होता: काही घालायचं नाही. रकाना रिकामा तर पावती अडेल, बस्स. गो या भाषेचं उदाहरण मी तोंडावर फेकत असे. २००९ मध्ये ती जाहीर झाली तेव्हापासून लोक तिच्यात जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड अनेक प्रकारांसाठी वापरायची सोय, मागत होते आणि ती मंडळी सांगत होती की पटेल अशी रचना सापडली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये, १.१८ आवृत्तीत ती आली. चुकांची हाताळणी आखूड करायचा एक प्रस्ताव २०१९ मध्ये आला, विरोध झाला, महिन्या-दीड महिन्यात मागे घेतला. आणि २०२५ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की या बाबतीत वाक्यरचना बदलायचा प्रयत्न आता थांबवतो आहोत. नाही म्हणायची ही हिंमत मला मोहात पाडते.

धाकट्यानं तेच उदाहरण माझ्यावर उलटवलं. "आणि मधली बारा वर्षं लोकांनी काय केलं, ताई? तोच कोड प्रत्येक प्रकारासाठी पुन्हा चिकटवला. तेही ओझंच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. भाषेत न घातलेली सुविधा फुकट नसते. तिची किंमत हजार ठिकाणी सुटी सुटी भरली जाते, म्हणून ती एकत्र दिसत नाही एवढंच. आमच्या त्या प्लांटनं शून्याचं १४ करून ठेवलं होतं, तो आमच्या न घातलेल्या सुविधेचाच खर्च होता.

अडेल तर अडू दे, या माझ्या म्हणण्याला खरा छेद दिला काकांनी, आणि तो बारदान्यावरून. "बारदान्याचा रकाना रिकामा असला तर?" त्यांनी विचारलं. पोती असली तर त्यांचं वजन वजा होतं. माल सुटा ट्रॉलीत आला तर पोतीच नाहीत, ऑपरेटर रकाना रिकामा ठेवतो, आणि तिथे शून्य हेच बरोबर उत्तर आहे. म्हणजे एकाच पावतीवर दोन रिकामे रकाने. एक सांगतो की ही वस्तू इथे नाहीच. दुसरा सांगतो की वस्तू आहे, पण आम्ही मोजली नाही. भाषेला दोन्ही सारखेच दिसत होते.

मला त्या क्षणी एडगर कॉड आठवले. रिलेशनल, म्हणजे तक्त्यांच्या रूपातल्या डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडणाऱ्या कॉडनी वीस वर्षांनी अगदी हाच भेद मांडला होता: लागू आहे पण माहीत नाही यासाठी एक खूण, आणि लागूच नाही यासाठी दुसरी. एसक्यूएलनं ती दुसरी खूण काही घेतली नाही. जावास्क्रिप्टमध्ये उलट दोन रिकामी आहेत, पण त्यांच्यातली सीमारेषा इतकी पुसट की धाकट्याची ती दोन प्रश्नचिन्हं दोघांना सारखंच वागवतात. तिथे तर त्यातल्या एका रिकाम्याचा प्रकार विचारला की 'वस्तू' असं उत्तर येतं. १९९५ पासूनची ही खोड दुरुस्त करायचा प्रस्ताव आला होता. जुन्या वेबसाइट मोडतील म्हणून तो सोडून द्यावा लागला.

जुन्यांचं हे ओझं फार लवकर साचतं. प्रोग्रॅम बांधून तयार करणारं मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. हे बरं नव्हे असं त्यांना काही आठवड्यांतच जाणवलं. पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांना त्रास नको म्हणून टॅब तसाच राहिला. सी भाषेत एकेरी आणि दुहेरी अँडच्या (& आणि &&) अग्रक्रमाचा, म्हणजे कुठलं चिन्ह आधी लागू करायचं याचा, जो घोळ आहे त्याबद्दल ती भाषा घडवणारे डेनिस रिची यांनीही असंच लिहून ठेवलं आहे: दुहेरी चिन्ह नंतर आलं, तेव्हाच एकेरीचा क्रम बदलायला हवा होता, पण काही शे किलोबाइट कोड आणि तीनेक ठिकाणची यंत्रणा मोडायची भीती वाटली. डझनभर मित्र आणि तीन यंत्रं! आमच्याकडे त्याहून जास्त मुनीमजी आहेत, आणि मुनीमजी मित्रांइतके समजूतदार नसतात.

म्हणून जुनं मोडायचं नाही हे पहिलं ठरलं. उपाय रस्टकडून उचलला. तिथे दर तीन वर्षांनी आवृत्तीचं वर्ष बदलतं, २०१५, २०१८, २०२१, २०२४. प्रत्येक प्रकल्प आपण कुठल्या वर्षाचे नियम पाळतो ते स्वतः सांगतो, जुना कोड जुन्याच रीतीनं चालतो आणि नव्याबरोबर नांदतो. आमच्या नियमांच्या फाइलीतही आता पहिल्या ओळीत वर्ष लिहायचं. वर्ष नाही तर रिकामं म्हणजे शून्य, पूर्वीसारखंच. वर्ष लिहिलं तर प्रत्येक रकान्यापुढे तो मोजायचाच आहे की नसला तरी चालेल, ते आधी सांगावं लागतं. बारदाना नसला तरी चालतो. ओलावा मोजायचाच, आणि मोजला नसेल तर काय धरायचं हे त्याच नियमात खाली लिहिल्याशिवाय नियम जतन होत नाही.

मी खूश होते. काका नव्हते. "भाचा काय करेल माहितेय? खाली शून्य लिहील आणि जतन करेल. तुझ्या सक्तीचं समाधान, त्याचा चहा गरम." मला काकांच्या तोंडून जावाचा सगळा इतिहास ऐकल्यासारखं झालं. काही चुकांची दखल घ्यायलाच हवी अशी सक्ती जावानं केली, आणि लोकांनी दखल घेणारा कंस लिहिला, आत काहीच नाही. सी शार्प घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग यांनी ती सक्ती मुद्दाम घेतली नाही, त्यामागचं एक कारण हेच.

यातून वाट काढली ती काकांनीच, आणि ती भाषेत नव्हती, पावतीवर होती. 'नसेल तर' मधला आकडा वापरला गेला की पावतीवर ओळ छापली जाते: ओलावा तपासला नाही, इतका धरला. शेतकऱ्याच्या हातातल्या प्रतीवरही. आता भाच्यानं शून्य लिहिलं तर मालक विचारतो, १४ लिहिलं तर शेतकरी काट्यावरच ओरडतो. धाकट्याला त्याची दोन प्रश्नचिन्हं हवीच होती. ती त्याला मिळाली, पण ती वापरली तरी ही ओळ छापली जाणारच. त्याच्या मते यामुळे चिन्हाची सगळी शान गेली. माझ्या मते आता त्याचे उणे १०० गुण भरून निघाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ती ओळ पावतीवर नको, ती बंद करायचं बटण द्या, अशी मागणी एका प्लांटकडून आली आहे. शेतकरी उगाच वाद घालतात म्हणे. धाकटा म्हणतो, पैसे देतात ते, देऊन टाकू. काका म्हणतात, मग मशीनचा सेल बदला, ओळ आपोआप बंद होईल. मी बटणाच्या विरोधात आहे, पण ते गिऱ्हाईक मोठं आहे, आणि दसऱ्याच्या आसपास नवा माल मंडीत यायला लागेल, त्याच्या आत त्यांना काहीतरी लेखी उत्तर द्यावं लागणार आहे. मसुदा धाकट्यानं लिहिला आहे. तो मी काकांकडे तपासायला दिलाय.